केमोला दाद न देणारा तोंडाचा कॅन्सर: सिस्प्लॅटिन-प्रतिरोधामागची प्रथिनं

पेशीवाचक (धागाकर्ता)

डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरमध्ये, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः गाल, जीभ, हिरडी आणि त्याखालोखाल घसा, स्वरयंत्र, सिस्प्लॅटिन हेच अजून मुख्य केमो औषध आहे. काही गाठी पहिल्यापासून त्याला दाद देत नाहीत, काही आधी विरघळतात आणि मग उलटतात. दर काही महिन्यांनी "केमो निकामी करणारं प्रथिन सापडलं" अशी बातमी येते. यातली कोणती प्रथिनं खरोखर प्रतिरोध घडवतात आणि कोणती नुसती वाढलेली दिसतात, हे निवडायला हा धागा.

सुरुवात औषधाच्या प्रवासापासून करू. सिस्प्लॅटिनच्या रेणूवर दोन क्लोराइड असतात. पेशीबाहेर क्लोराइड सुमारे १०० मिलिमोलर असल्याने ते जागचे हलत नाहीत. पेशीच्या आत ते ४ ते २० मिलिमोलरवर येतं, क्लोराइडच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम मोकळं होऊन डीएनएमधल्या ग्वानीनला चिकटतं. सुमारे ६५ टक्के जोडण्या शेजारशेजारच्या दोन ग्वानीनमध्ये, २५ टक्क्यांच्या आसपास अ‍ॅडेनीन-ग्वानीनमध्ये, दोन धाग्यांना आरपार बांधणाऱ्या जेमतेम काही टक्के.

या वाटेवर चार ठिकाणी प्रथिनं आडवी येतात: औषध आत येऊ न देणारी किंवा बाहेर फेकणारी, आत आल्यावर निष्प्रभ करणारी, डीएनए दुरुस्त करणारी, आणि डीएनए तुटूनही पेशीला मरू न देणारी.

आत येण्याच्या दाराबद्दल पाठ्यपुस्तकांत अजून तांबे वाहून नेणाऱ्या सीटीआर१चंच नाव असतं. २००२ साली यीस्टमधून ते पुढे आलं. पण पुढे क्रिस्परने (जनुक कापण्याचं तंत्र) सीटीआर१ पूर्ण काढून टाकलेल्या मानवी पेशींतही सिस्प्लॅटिन जवळपास तेवढंच शिरतं असं दिसलं. २०१५ मध्ये दुसरं दार सापडलं: पेशी फुगली की उघडणारी क्लोराइड-वाहिनी, तिचे एलआरआरसी८ए आणि एलआरआरसी८डी हे भाग. एलआरआरसी८डी गेलं की पेशी सिस्प्लॅटिनला दाद देईनाशी होते. बाहेर काढणाऱ्यांत एटीपी७ए, एटीपी७बी (विल्सन आजारात बिघडतं तेच) आणि एमआरपी२.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पी-ग्लायकोप्रोटीन (अनेक औषधं पेशीबाहेर फेकणारं प्रथिन) सिस्प्लॅटिनला बाहेर फेकत नाही. "सिस्प्लॅटिन-प्रतिरोधी पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन वाढलं, म्हणून प्रतिरोध" असं लिहिलेले निबंध ढिगाने सापडतील. टॅक्सेनसाठी (डोसिटॅक्सेलचा औषधगट) ते ठीक आहे, सिस्प्लॅटिनसाठी नाही.

---

गुणसूत्रकार

छान धागा. दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांत ईआरसीसी१चा इतिहास मांडायलाच हवा, कारण या विषयातली सगळ्यात महागडी चूक तिथे झाली आहे.

ईआरसीसी१ आणि एक्सपीएफ ही जोडी मिळून प्लॅटिनम चिकटलेला डीएनएचा तुकडा कापते. ही जोडी जास्त म्हणजे दुरुस्ती जास्त म्हणजे प्रतिरोध, हे तर्काला धरून आहे. म्हणून गाठीचे काप ८एफ१ नावाच्या अँटीबॉडीने रंगवून "ईआरसीसी१ जास्त की कमी" असं वर्षानुवर्षं ठरवलं गेलं, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही आणि डोकं-मानेतही. मग दोन भानगडी बाहेर आल्या. एक, ८एफ१ दुसऱ्याच एका प्रथिनाला, पीसीवायटी१ए या चरबी बनवणाऱ्या एन्झाइमला, चिकटते. दोन, ईआरसीसी१चे चार प्रकार पेशीत बनतात, त्यांतला २०२ क्रमांकाचा एकच दुरुस्ती करू शकतो, आणि २०१३ च्या अभ्यासात तपासलेल्या बाजारातल्या १६ पैकी एकही अँटीबॉडी तो एकटा वेगळा ओळखू शकली नाही. त्याच अँटीबॉडीची नवी बॅच वापरल्यावर जुने निकाल पुन्हा मिळाले नाहीत.

म्हणजे ईआरसीसी१ निर्दोष असं नाही. ते काढून टाकलेल्या पेशी सिस्प्लॅटिनला अतिशय हळव्या होतात, यात वाद नाही. वाद आहे तो गाठीचा काप रंगवून रुग्णाचं भविष्य सांगण्यावर.

---

ब्लॉटवाला

दोन्ही पोस्टना +१. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) नेमकं काय फसतं ते लिहून ठेवतो, नव्याने काम करणाऱ्यांना उपयोग होईल.

एनआरएफ२ (पेशीला विषारी ताणापासून वाचवणारं प्रथिन): हिशोबाने ६८ किलोडाल्टनच्या आसपास यायला हवं, पण जेलवर ते ९५ ते ११० दरम्यान दिसतं. ६८ ला दिसणारी जाड पट्टी एनआरएफ२ समजून छापलेले ब्लॉट कमी नाहीत. खात्री करायची तर केईएपी१ (एनआरएफ२ला आवरणारं प्रथिन) बिघडलेल्या ए५४९ पेशी सोबत चालवा आणि एनआरएफ२चं सायआरएनए (जनुकाला गप्प करणारा आरएनए) दिलेला नमुना शेजारी. शंका उरली तर खालच्या टप्प्यावरचं एनक्यूओ१ बघा. ते टिकाऊ आहे आणि पट्टी स्वच्छ येते.

एमसीएल-१ (पेशीला मरू न देणारं प्रथिन): अर्धायुष्य साधारण अर्ध्या तासाचं. पेशी ट्रिप्सिनने सोडवून, दोनदा धुवून, मग लायसिस (पेशी फोडणं) करत बसलात तर निम्मं प्रथिन तिथेच गेलं. ताटली बर्फावर ठेवून थेट लायसिस बफर घाला.

एटीपी७ए, एटीपी७बी, सीटीआर१ ही पडद्यातली प्रथिनं. ९५ अंशांना उकळली की गठ्ठे होऊन विहिरीतच अडकतात. ३७ अंशांना अर्धा तास पुरे.

गॅमा-एच२एएक्स (डीएनए तुटल्याची खूण): १५ किलोडाल्टन, त्यामुळे १५ टक्के जेल, ०.२ मायक्रॉनची पटलं. ०.४५ वर ते आरपार निघून जातं आणि "डीएनए तुटला नाही" असा निष्कर्ष निघतो! फॉस्फोप्रथिनांसाठी ब्लॉकिंगला दुधाऐवजी बीएसए.

---

पेशीवाचक

ब्लॉटवाला, एनआरएफ२बद्दल पुढे. डोकं-मानेच्या गाठींत तो मार्ग खरोखर बिघडलेला सापडतो, ही काही फक्त ताटलीतली गोष्ट नाही. २०१५ मध्ये टीसीजीएने (कॅन्सरच्या जनुकांचा अमेरिकी प्रकल्प) २७९ गाठी तपासल्या तेव्हा एनएफई२एल२ (एनआरएफ२चं जनुक), केईएपी१ आणि सीयूएल३ यांत बदल दिसले. एरवी केईएपी१ आणि सीयूएल३ मिळून एनआरएफ२ला सतत मोडत राहतात. ती यंत्रणा बिघडली की एनआरएफ२ साचतं, ग्लुटाथायोन बनवणारी आणि त्याला प्लॅटिनमशी जोडणारी एन्झाइमं वाढतात, आणि डीएनएपर्यंत पोचण्याआधीच औषध अडवलं जातं. मेटॅलोथायोनीनही तेच करतं, गंधकाच्या हातांनी प्लॅटिनम धरून ठेवतं.

त्याच अभ्यासात एचपीव्ही-नकारात्मक (एचपीव्ही विषाणू नसलेल्या) गाठींपैकी ८४ टक्क्यांत टीपी५३ (पी५३ प्रथिनाचं जनुक) बिघडलेलं होतं. आपल्याकडच्या तंबाखू-गुटख्याच्या तोंडाच्या कॅन्सरला हाच गट लागू. पी५३ नसलं की तुटलेल्या डीएनएची वर्दी मृत्यूयंत्रणेपर्यंत जात नाही.

---

कोंदण

मरू न देणाऱ्या प्रथिनांवर कोणी लिहिणार आहे का? झेव्हिनापँटचं काय झालं?

---

गुणसूत्रकार

झेव्हिनापँट हे सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण. एक्सआयएपी आणि सीआयएपी१ ही प्रथिनं कॅस्पेसना (पेशी मारणाऱ्या एन्झाइमांना) दाबून ठेवतात. डोकं-मानेच्या गाठींत ११ व्या गुणसूत्रावरचा भाग वाढलेला अनेकदा सापडतो. त्यात एफएडीडी (पेशीमृत्यूच्या वाटेवरचं प्रथिन) आहे, आणि काहींत सीआयएपी१ बनवणारं बीआयआरसी२ही. म्हणजे लक्ष्य अगदी याच आजाराचं होतं. या प्रथिनांना बंद करणारं औषध केमो-रेडिएशनसोबत दिल्यावर ९६ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १८ महिन्यांनंतर स्थानिक नियंत्रण ५४ टक्के विरुद्ध ३३ टक्के आलं. सगळे खूश. मग तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी झाली आणि २०२४ मध्ये फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून ती थांबवली गेली.

ताटलीत, उंदरात, लहान चाचणीत सगळीकडे उत्तीर्ण झालेलं लक्ष्य शेवटच्या परीक्षेत नापास झालं. बीसीएल-एक्सएल या मरू न देणाऱ्या प्रथिनाचंही असंच त्रांगडं: ते बंद केलं की डोकं-मानेच्या पेशी सिस्प्लॅटिनने छान मरतात, पण प्लेटलेटही त्याच प्रथिनावर जगतात आणि धडाधड खाली येतात.

---

शीतसाखळी

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचा २०२३ चा निष्कर्ष इथे यायला हवा. त्यांनी आधीच जमा असलेली जनुकीय माहिती चाळून एनईके२ आणि आयएनएचबीए ही दोन नावं पुढे आणली, आणि त्यांना दाबलं की पेशी केमोला पुन्हा दाद देतात असं दाखवलं. सोबत दोन रसायनंही: सिरोडेस्मिन ए, हे बुरशीचं विष, आणि कार्फिल्झोमिब, जे मल्टिपल मायलोमामध्ये आधीच वापरात आहे.

आपल्याकडे भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये याच प्रश्नावर सलग काम झालंय. एच३५७, एससीसी४, एससीसी९ या पेशींपासून प्रतिरोधी पेशी बनवून त्यांनी डीडीएक्स३, आरआरबीपी१ आणि सीएमटीएम६ ही प्रथिनं दाखवली. आरआरबीपी१ कमी करायला त्यांनी रॅडेझोलिड नावाचं प्रतिजैविक वापरलं. सीएमटीएम६ मला जास्त रोचक वाटतं, कारण तेच प्रथिन पीडी-एल१लाही (गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारं प्रथिन) मोडण्यापासून वाचवतं, म्हणजे केमो आणि इम्युनोथेरपी दोन्हींशी त्याचा संबंध.

---

पेशीवाचक

सहमत, पण कार्फिल्झोमिबवर माझा आक्षेप आहे. ते प्रोटिअसोम (पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा) बंद करतं. प्रोटिअसोम बंद झाला की पेशीतली शेकडो प्रथिनं एकदम साचतात. कार्फिल्झोमिबने पेशी मेल्या म्हणून एनईके२च लक्ष्य होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही; औषध म्हणून ते उपयोगी ठरेलही, तो वेगळा मुद्दा.

शिवाय एनईके२ पेशीविभाजनातलं किनेज आहे. ते दाबलं की पेशी आधीच मंदावतात. त्यामुळे "एनईके२ दाबलं आणि सिस्प्लॅटिन दिलं, पेशी जास्त मेल्या" एवढं पुरत नाही. नुसतं दाबून किती मेल्या, नुसत्या सिस्प्लॅटिनने किती, आणि दोन्हींची अपेक्षित बेरीज किती, हे ब्लिस किंवा चौ-तलाले पद्धतीने काढावं लागतं. अपेक्षेपेक्षा जास्त मेल्या तरच प्रथिनाचा प्रतिरोधात हात आहे.

माझ्या मते "घडवतं" हा शब्द वापरायला किमान इतकं हवं. एकाच जनुकावरच्या दोन वेगवेगळ्या सायआरएनएनी, १० ते २० नॅनोमोलर, ४८ तासांनी प्रथिन कमी झाल्याचा ब्लॉट. मग सायआरएनएला ओळखू न येणारं तेच जनुक परत घालून प्रतिरोध परत येतो का ते बघणं. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. एन्झाइम असेल तर त्याची निष्क्रिय आवृत्ती घालून तो परत येत नाही हे दाखवणं. आणि उलट बाजूने, मूळ संवेदनशील पेशींत ते प्रथिन वाढवून त्या प्रतिरोधी होतात का. शेवटी केमो लागू न पडलेल्या रुग्णांच्या गाठीपासून उंदरात वाढवलेला नमुना.

---

मीठपाणी

हे सगळं खरं, पण अर्ध्या प्रयोगांत औषधच मेलेलं असतं त्याचं काय?

सिस्प्लॅटिन डीएमएसओमध्ये (प्रयोगशाळेतलं नेहमीचं द्रावक) विरघळवू नका. डीएमएसओ क्लोराइडची जागा घेतं, आणि औषधाची मारक शक्ती जाते. तरीही "१० मिलिमोलर, डीएमएसओ" असं प्रयोगवहीत सर्रास सापडतं. मग आयसी५० (निम्म्या पेशी रोखणारी मात्रा) ८० मायक्रोमोलर येतो आणि "पेशी अत्यंत प्रतिरोधी" असा गवगवा होतो. रुग्णाच्या रक्तातली शिखर-पातळी १०-१५ मायक्रोमोलरच्या घरात आणि तीही थोडा वेळ, हे लक्षात ठेवलं तर ८० चा आकडा बघूनच संशय यायला हवा.

करायचं असं. ०.९ टक्के सलाईन, त्यात १ मिलिग्रॅम प्रति मिली. म्हणजे सुमारे ३.३३ मिलिमोलर. ३७ अंशांना अंधारात अर्धा तास हलवत ठेवा, गाळून घ्या, त्याच दिवशी वापरा. माध्यमात दर मिलीला ३ मायक्रोलीटर घातलं की १० मायक्रोमोलर. फ्रिजमध्ये ठेवलं तर पिवळे स्फटिक बसतात. ते वरवर विरघळलेले दिसले तरी खरी तीव्रता गेली. नुसत्या पाण्यात केलं तर क्लोराइड नसल्याने औषध बाटलीतच बदलायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई चालत नाही, काळा साका पडतो.

---

ब्लॉटवाला

आणि केबी पेशी! केबी आणि हेप-२ या दोन्ही "तोंडाच्या" आणि "स्वरयंत्राच्या" पेशी प्रत्यक्षात हेला आहेत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या. त्यांत एचपीव्ही-१८ आहे, त्याचं ई६ प्रथिन पी५३ मोडत राहतं. केबीवर केलेला प्रतिरोधाचा अभ्यास तोंडाच्या कॅन्सरबद्दल काहीच सांगत नाही. एसटीआर तपासणी (पेशींची डीएनएवरून ओळख) केल्याशिवाय कामाला हात लावू नये.

---

शीतसाखळी

प्रतिरोधी पेशी बनवण्याची पद्धत कोणी विचारेलच, म्हणून लिहून टाकतो.

आधी एसटीआर आणि मायकोप्लाझ्माची (पेशींना लागणारा जीवाणू) पीसीआर. ७२ तासांचा आयसी५० काढा. सुरुवात आयसी१० ते आयसी२० ने: तीन दिवस औषध, मग औषध काढून ताटली ८० टक्के भरेपर्यंत विश्रांती. टिकल्या की मात्रा दीडपट ते दुप्पट. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन कुप्या गोठवा, कारण पुढच्या उडीत सगळ्या मेल्या तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. यात सहा महिने ते वर्ष सहज जातं. या पूर्ण काळात मूळ पेशी नुसत्या सलाईनवर समांतर वाढवत ठेवा. जुन्या गोठवलेल्या मूळ पेशींशी तुलना केली तर तुम्ही औषधाचा नाही, वर्षभराच्या वाढीचा परिणाम मोजता.

प्रयोगाआधी एक-दोन आठवडे औषध बंद, नाहीतर दिसतो तो तात्पुरता ताण. रुग्णांत घडतं त्याच्या जवळ जाणारा फरक दोन ते आठ पट असतो. ५० पट प्रतिरोधी पेशी निबंधात शोभते, पण ती रुग्णाच्या गाठीत सापडेल असं नाही.

एमटीटीने पेशी मोजू नका, निदान फक्त एमटीटीने नको. ते चयापचय मोजतं. प्रतिरोधी पेशी अनेकदा हळू वाढतात, आणि हळू वाढणारी पेशी ७२ तासांत आपोआपच प्रतिरोधी "दिसते". वाढीच्या वेगाचा हिशोब धरणारं जीआर५० काढा आणि वसाहत-मोजणीने पडताळा.

---

वाचनमात्र

पूर्ण धागा वाचला, बराचसा डोक्यावरून गेला. एकच विचारायचं होतं. खाजगी लॅबमध्ये "केमो लागू पडेल का" अशा प्रथिनांच्या तपासण्या मिळतात. घरातल्या रुग्णासाठी ईआरसीसी१ वगैरे करून घेण्यात अर्थ आहे का?

---

वॉर्डफेरी

वाचनमात्र, नाही. वर गुणसूत्रकारांनी लिहिलं तेच कारण. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन द्यायचं की नाही हे ठरवणारी कुठलीही प्रथिन-तपासणी आज नेहमीच्या उपचारात नाही. दोनच तपासण्यांना अर्थ आहे. पी१६ (एचपीव्हीची खूण देणारं प्रथिन), तीही फक्त घशाच्या टॉन्सिल-जिभेमागच्या भागासाठी, ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक रंगल्या तर सकारात्मक. गालाच्या कॅन्सरमध्ये पी१६ करून उपयोग नाही. दुसरी पीडी-एल१ची सीपीएस (गाठीत पीडी-एल१ किती आहे याचा गुणांक), तीही इम्युनोथेरपीचा विचार असेल तेव्हा.

त्याऐवजी डॉक्टरांना हे विचारा: सिस्प्लॅटिन एकूण किती जाणार आहे, आणि किती गेलं? रेडिएशनसोबत एकूण २०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर हा कमीत कमी आकडा धरला जातो. टाटा मेमोरियलच्या ३०० रुग्णांच्या चाचणीत दर आठवड्याला ३० आणि दर तीन आठवड्यांनी १०० अशी तुलना होती. दोन वर्षांनी स्थानिक नियंत्रण साप्ताहिक गटात ५८.५ टक्के, तीन-आठवडी गटात ७३.१ टक्के. तीव्र दुष्परिणाम मात्र ७१.६ विरुद्ध ८४.६. जपानी चाचणीत, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत, साप्ताहिक ४० हे तीन-आठवडी १०० च्या तोडीस तोड ठरलं. म्हणजे ३० आणि ४० मधला फरक किरकोळ नाही.

क्रिएटिनिन वाढलं, उलट्या आवरल्या नाहीत, तोंड सोलवटून जेवण बंद झालं, मॅग्नेशियम घसरलं, अशा कारणांनी केमोच्या फेऱ्या राहून जातात. तेव्हा सलाईन, मॅग्नेशियम, उलटीची औषधं (ओलॅन्झापिनसकट) आणि वेळेवर नाकातून जेवणाची नळी, या गोष्टी कुठल्याही प्रथिनाच्या तपासणीपेक्षा जास्त कामाच्या.

---

गुणसूत्रकार

वॉर्डफेरींचा मुद्दा संशोधकांनाही लागू आहे. "प्रतिरोधी" गटात टाकलेल्या रुग्णांना प्रत्यक्षात किती औषध गेलं, हे अनेक निबंधांत दिलेलंच नसतं. १२० मिलिग्रॅमवर थांबलेला रुग्ण आणि ३०० पूर्ण करूनही गाठ वाढलेला रुग्ण एकाच रकान्यात. मग त्या दोघांच्या गाठींत कोणतं प्रथिन सारखं आहे हे शोधायचं!

---

वाचनमात्र

धन्यवाद. आणि ज्यांना सिस्प्लॅटिन चालतच नाही?

---

वॉर्डफेरी

त्यांच्यासाठी रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल, दर आठवड्याला १५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, जास्तीत जास्त सात वेळा. तीही टाटाचीच चाचणी, ३५६ रुग्ण. दोन वर्षांनी आजाराविना जगणारे नुसत्या रेडिएशनमध्ये ३०.३ टक्के, डोसिटॅक्सेलसोबत ४२ टक्के. मूत्रपिंड किंवा कानामुळे सिस्प्लॅटिन नाकारलं असेल तर नक्की विचारा.

---

कोंदण

डोसिटॅक्सेलला प्रतिरोधाची प्रथिनं वेगळी का?

---

पेशीवाचक

बरीचशी वेगळी. तिथे पी-ग्लायकोप्रोटीन खरोखर लागू होतं, आणि ट्युब्युलिनचा बीटा-३ प्रकार. ५-एफयू या आणखी एका केमो औषधासाठी थायमिडिलेट सिंथेज आणि औषध मोडणारं डीपीडी. मृत्यू रोखणारी प्रथिनं तेवढी सगळीकडे सामायिक. म्हणून "केमो-प्रतिरोधी" असा मोघम शब्द न लिहिता औषधाचं नाव लिहावं.

---

मीठपाणी

शेवटची भर, प्रवेश-निर्गमाच्या प्रथिनांवर काम करणाऱ्यांसाठी. एलआरआरसी८डी किंवा एटीपी७बीचा दावा करायचा तर पेशीतलं प्लॅटिनम प्रत्यक्ष मोजा, आयसीपी-एमएसवर (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र). औषध दोन तासच द्या. २४ तासांनी मेलेल्या पेशी गळतात आणि आकडे बिघडतात. थंड पीबीएसने तीनदा धुवा, पेशी सोडवून नव्या नळीत घ्या, कारण प्लॅटिनम ताटलीच्या प्लॅस्टिकलाही चिकटतं. पेशी न घातलेली, फक्त औषध दिलेली एक ताटली सोबत चालवून ते वजा करा. ७० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर विरघळवा, आम्ल २ टक्क्यांवर येईल इतकं पातळ करा, १९५ वस्तुमानाचं प्लॅटिनम वाचा. आकडा प्रथिनाच्या किंवा पेशींच्या प्रमाणात द्या, आणि त्याच नळीतला थोडा भाग आम्ल घालण्याआधी प्रथिन मोजायला बाजूला काढा. नंतर तो काढता येत नाही.